‘पूर्वापार’ या शब्दाचें मोल : महाडचा दावा व हिंदु संहितेचें एक कलम

१९२७ च्या डिसेंबर महिन्यांत महाड येथें तेरा दिवसांच्या अंतरानें दोन गोष्टी घडल्या. ता. १२ रोजीं तेथील कांहीं स्पृश्य गृहस्थांनीं चवदार तळ्यासंबंधीं डॉ. भीमराव रामजी आंबेडकर व त्यांचे सहकारी यांजवर दिवाणी दावा लावला, ता. २५ रोजीं आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालीं भरलेल्या परिषदेनें मनुस्मृतीचें दहन केलें. दुसरी गोष्ट सर्वांच्या तोंडीं आहे. पहिली सनावळींतली एक ओळ होऊन राहिली आहे. आमच्या मतें या दोन गोष्टी एकत्र वाचल्याखेरीज, पुढें याच गृहस्थांनीं देशाच्या विधिमंडळांत चालविलेल्या हिंदु संहितेच्या मसुद्याचें मर्म हातीं येत नाहीं. त्या मसुद्याविषयीं लिहिणारे बहुतेक विवाह, घटस्फोट व कन्येचा वांटा या प्रकरणांवर लिहितात. ज्या कलमावर ही सारी इमारत उभी आहे, तें कलम मात्र वाचक ओलांडून जातो. तें कलम, त्याची पूर्वपीठिका आणि त्यांतील उणीव यांचा विचार येथें करूं. कागद जमविणाऱ्या मंडळींस तो परका वाटणार नाहीं. कारण वाद मुळांत कागदाचाच आहे.

प्रथम दाव्याची हकीकत. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेकौन्सिलानें ता. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मान्य केला. सार्वजनिक खर्चानें बांधिलेले वा राखिलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा इत्यादि अस्पृश्य मानलेल्या लोकांस मोकळ्या असाव्यात, असा त्याचा आशय होता. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं तळें सर्वांस खुलें केल्याचा ठराव केला. परंतु ठराव म्हणजे कायदा नव्हे. ता. २० मार्च १९२७ रोजीं आंबेडकर व त्यांच्या बरोबरचे लोक तळ्यावर जाऊन पाणी प्याले, तेव्हां गांवांत मारहाण झाली. आणि त्याच सालीं नगरपालिकेनें आपला ठरावही मागें घेतला. डिसेंबरांत दावा लागला, न्यायालयानें तात्पुरती मनाई केली, आणि ती मनाई मोडावयाची नाहीं असें परिषदेनें ठरविलें. म्हणजे ज्या आठवड्यांत ग्रंथ जळाला त्याच आठवड्यांत तळ्याचें पाणी न्यायालयाच्या आज्ञेनें अस्पृष्ट राहिलें.

वादींचा आधार कोणता होता, हें येथें बारकाईनें पाहिलें पाहिजे. त्यांनीं मनूचा श्लोक पुढें केला नाहीं. त्यांनीं रूढी पुढें केली. या तळ्यावर अस्पृश्यांनीं येऊं नये असें पूर्वापार चालत आलें आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. खालच्या न्यायालयाचा निकाल ता. ८ जून १९३१ रोजीं, ठाण्याच्या अपिलाचा ता. ३० जानेवारी १९३३ रोजीं व मुंबईच्या उच्च न्यायालयाचा ता. १७ मार्च १९३७ रोजीं झाला. पहिलें पाणी प्याल्यास दहा वर्षें पुरीं व्हावयास त्या दिवशीं तीन दिवस कमी होते. तळें नगरपालिकेचें ठरलें, आणि वादी म्हणतात ती रूढी अनादि काळापासूनची आहे असें शाबीत झालें नाहीं, म्हणून त्यांचें अपील फेटाळलें गेलें.

निकाल न्याय्य झाला यांत आम्हांस तिळमात्र शंका नाहीं. परंतु परीक्षकानें निकालाबरोबर निकालाचें कारणही तोलावयाचें असतें. रूढी शाबीत झाली असती तर ती अवाजवी किंवा लोकहितास विरुद्ध म्हणून टाकाऊ ठरली असती काय, या प्रश्नाचा निर्णय उच्च न्यायालयास करावा लागला नाहीं. तो तसाच राहिला. पाण्याचा हक्क मिळाला खरा, पण तो पुराव्याच्या अभावीं मिळाला. माणसानें पाणी प्यावें हा त्याचा अधिकार आहे म्हणून नव्हे, तर त्यानें पिऊं नये असें सांगणारा पुरेसा जुना पुरावा कोणी आणूं शकला नाहीं म्हणून.

हा भेद वकिलांस सूक्ष्म वाटेल. संशोधकास तो भयंकर वाटला पाहिजे. कागद नाहीं म्हणजे गोष्ट नव्हती, असें आपल्यापैकीं कोणीही म्हणणार नाहीं. महाड हें सावित्रीच्या कांठचें गांव. २०२१ च्या जुलैंतील पुरानें अर्धेंअधिक शहर पाण्याखालीं घातलें हें सर्वांनीं पाहिलें. अशा गांवीं जुनें दप्तर नसणें यावरून काय सिद्ध होतें? उलट, जो कागद आज नाहीं तो उद्यां निघूं शकतो. शेजारच्या पोलादपुरास कवींद्र परमानंदाची समाधि आहे. शिवाजी महाराजांच्या आश्रयास असलेल्या या पंडिताचें संस्कृत काव्य ‘शिवभारत’ कोठें सांपडावें? दूर तंजावरच्या सरस्वतीमहालांत. आणि तें छापून लोकांपुढें आलें सदाशिव महादेव दिवेकर यांच्या हातून, १९२७ सालीं, म्हणजे चवदार तळ्याच्याच सालीं. कर्त्याची समाधि ज्या प्रांतांत, त्या प्रांतास त्याचा ग्रंथ छापील रूपानें पहावयास अडीचशें वर्षें लागलीं. मग १९३७ च्या निकालानंतर एखाद्या वाड्याच्या माळ्यावरून तळ्याच्या बंदीचा एखादा महजर वा निवाडपत्र निघालें असतें तर? तसें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्याचा हक्क कागदाच्या मौनावर उभा आहे त्यानें प्रत्येक रुमाल सोडतांना भ्यावें, ही स्थिति हक्कास घातक आहे आणि इतिहासासही.

यांत भर अशी कीं, ‘पूर्वापार’ हा शब्द फार फसवा आहे. महजर, करीने, निवाडे ज्यांनीं वाचले आहेत त्यांस ठाऊक आहे कीं, गोताची साक्ष बहुधा साक्षीदाराच्या आजापलीकडे जात नाहीं; तथापि लिहिणारा कारकून ‘पूर्वापार’, ‘कदीम’, ‘वडिलोपार्जित’ हे शब्द ठरीव सांच्यांतून काढल्यासारखे लिहितो. तो शब्द त्या काळीं वादाची भाषा होती, कालगणना नव्हती. इंग्रजी न्यायपद्धतीनें मात्र त्याचा अर्थ स्मरणातीत काल असा धरून त्यास मोजमापाची वस्तु केलें.

आतां ग्रंथाकडे वळूं. रूढी हें एक प्रमाण झालें. दुसरें प्रमाण लेखाचें. तेथेंही महाडची गोष्ट मोठी बोधप्रद आहे. मुंबई इलाख्यांत विज्ञानेश्वराची मिताक्षरा व नीलकंठ भट्टाचा व्यवहारमयूख हे दोन ग्रंथ न्यायालयांत चालत. गुजराथ, मुंबई बेट व उत्तर कोंकण येथें मयूखास प्राधान्य, इतरत्र मिताक्षरेस. मग कोंकणांत मयूखाची हद्द कोठें संपते? उच्च न्यायालयानें ती चौल-नागोठण्याच्या दक्षिणेस जाऊं दिली नाहीं. महाड मिताक्षरेच्या राज्यांत राहिलें. याचा व्यवहारांतील परिणाम पहा. निपुत्रिक, विधुर व कन्याहीन पुरुष मेला असतां मिताक्षरेप्रमाणें आई आधीं व बाप मागून, मयूखाप्रमाणें बाप आधीं व आई मागून. एकाच कुलाबा जिल्ह्यांत (१९८१ पासून यास रायगड म्हणतात) नागोठण्याच्या अलीकडे आईस मिळेल तें पलीकडे बापास जाई. काशीस बसून सतराव्या शतकांत एका पैठणच्या घराण्यांतील पंडितानें जें लिहिलें त्यावर सावित्रीच्या व अंबेच्या कांठच्या बायकांचें अन्न ठरत होतें.

आणि लेख व रूढी यांत विरोध आला तर? १८६८ सालीं प्रिव्ही कौन्सिलानें मदुरेच्या कलेक्टराच्या प्रसिद्ध खटल्यांत ठरविलें कीं, आचाराचा स्पष्ट पुरावा असेल तर तो लिखित शास्त्रवचनाहून बलवान् मानावा. शास्त्राहून रूढी बलिष्ठ, ही आपली म्हण अशा रीतीनें कायदा झाली. तिचा फटका कोणास बसला? अविवाहित बहिणीस भावांनीं आपल्या भागांतून चतुर्थांश द्यावा, असें मनु व याज्ञवल्क्य दोघेही सांगतात. विज्ञानेश्वर तर हा चतुर्थांश खराच द्यावयाचा, केवळ लग्नाच्या खर्चापुरता समजावयाचा नाहीं, असा आग्रह धरतो. व्यवहारांत मात्र लग्नखर्चच उरला. म्हणजे ज्या मनूचें दहन महाडास झालें त्यानें मुलीस दिलेला भाग रूढीनें काढून घेतला होता. ही गोष्ट आंबेडकरांस अज्ञात होती असें कोणी समजूं नये. संहितेवरील चर्चेंत त्यांनीं स्वतःच ती मांडली, आणि रूढीस शास्त्राहून बळ देणाऱ्या प्रिव्ही कौन्सिलाच्या निर्णयानें स्मृतींतील स्त्रीहिताच्या वचनांचा शोधच थांबला, असा ठपका ठेविला. होळीचा नायक स्मृतिवचनांचा वकील झालेला पाहून ज्यांस आश्चर्य वाटतें त्यांनीं तळ्याचा दावा वाचलेला नसतो. लेखाशीं झगडा एक, रूढीशीं झगडा दुसरा, आणि दोहोंत अधिक चिवट कोण हें त्यांस दहा वर्षांच्या अनुभवानें कळलें होतें.

आतां विधानांचा क्रम पाहूं. मध्यवर्ती विधिमंडळांतील मुंबईचे सभासद, शल्यवैद्य डॉ. गोपाळराव विनायक देशमुख यांनीं हिंदु स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्काचा मसुदा आणला. सरकारी नव्हे, खासगी सभासदाचा मसुदा. चर्चेंत तो आकुंचित होऊन विधवांपुरता उरला, आणि ता. १४ एप्रिल १९३७ रोजीं १९३७ चा १८ वा कायदा म्हणून त्यास संमति मिळाली. चवदार तळ्याच्या अंतिम निकालानंतर हा अठ्ठाविसावा दिवस. विधवेस पुत्राइतका वांटा मिळाला, पण तो तिच्या हयातीपुरता व मर्यादित. शिवाय शेतजमीन प्रांतांच्या अधिकारांतली असल्यामुळें ती या कायद्याखालीं येत नाहीं, असा अभिप्राय फेडरल कोर्टानें १९४१ सालीं दिला. महाड-पोलादपूरकडे माणसाची मालमत्ता म्हणजे भातखाचर व वरकस. तें वगळल्यावर विधवेच्या पदरीं भांडींकुंडींच पडलीं असतीं. मुंबई प्रांतानें १९४२ सालीं वेगळें विधान करून ही उणीव भरून काढिली.

तथापि देशमुखांच्या कायद्यांत एक लहानसें वाक्य आहे, त्याकडे आम्ही बोट दाखवितों. हिंदुधर्मशास्त्राचा नियम किंवा रूढी याविरुद्ध असली तरी हें विधान चालेल, असा त्याचा आशय आहे. चवदार तळ्यासाठीं बोल्यांच्या ठरावास जें बळ नव्हतें तें हेंच. येथें रूढी जुनी आहे कीं नवी, शाबीत होते कीं नाहीं, हें कोणी विचारीतच नाहीं. ती खरोखर अनादि असली तरी या बाबतींत तिचें चालणार नाहीं.

हेंच वाक्य हिंदु संहितेंत वाढून चौथें कलम झालें. बेनेगल नरसिंग राव यांच्या अध्यक्षतेखालीं १९४१ सालीं नेमलेल्या समितीनें या संहितेचा पाया घातला. धर्मशास्त्राचे मूळ ग्रंथ व भाषांतरें छापून अभ्यासकांस ऋणी करणारे पुण्याचे जगन्नाथ रघुनाथ घारपुरे त्या समितींत होते. तेव्हां शास्त्र न जाणणाऱ्यांनीं हें काम केलें, हा आक्षेप टिकत नाहीं. मसुदा १९४७ सालीं विधिमंडळांत आला. कायदेमंत्री आंबेडकर यांनीं तो ता. ९ एप्रिल १९४८ रोजीं निवड समितीकडे नेला. तेथें त्याचें रूप बदललें. आणि १९५१ च्या सप्टेंबरांत तो अर्ध्यावर सोडून देण्यांत आला, तेव्हां आंबेडकरांनीं मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढें १९५५ व १९५६ या सालांत त्याचेच चार भाग विवाह, वारसा, अज्ञानपालन आणि दत्तक व पोटगी अशा चार कायद्यांच्या रूपानें संमत झाले. ते तडीस नेण्यांत हरि विनायक पाटसकर यांचा वांटा मोठा होता. या कायद्यांत तें कलम आहेच. ज्या विषयाची तरतूद कायद्यांत केली आहे त्यापुरतें, हिंदु विधीचें कोणतेंही वचन, नियम वा अर्थनिर्णय, तसेंच कोणतीही रूढी वा वहिवाट, यापुढें चालणार नाहीं, असें तें सांगतें.

वाचकांनीं या कलमाचे दोन भाग सुटे करून पहावे. वचन, नियम व अर्थ हा पहिला भाग. रूढी व वहिवाट हा दुसरा. पहिल्यांत २५ डिसेंबर १९२७ चें उत्तर आहे, दुसऱ्यांत १२ डिसेंबर १९२७ चें. महाडास तेरा दिवसांत जे दोन प्रश्न उभे राहिले ते दोन्ही एका वाक्यांत सोडविले गेले. तळें व रस्ते यांपुरता हा निर्णय राज्यघटनेनें पंधराव्या व सतराव्या अनुच्छेदांत आधींच केला होता, आणि तेराव्या अनुच्छेदांत कायद्याच्या व्याख्येंत रूढीही ओढून घेतली होती. संहितेनें तोच न्याय उंबरठ्याच्या आंत, घरांतील वाटणीस लाविला.

हें कलम हिंदु परंपरेस अगदींच नवें, असें म्हणतां येत नाहीं. नियोगासारखे स्मृतींत सांगितलेले आचार निबंधकारांनीं कलिवर्ज्य म्हणून सोडून दिले, आणि जें शास्त्रोक्त असूनही लोकांस अप्रिय तें आचरूं नये असें याज्ञवल्क्यानेंही सांगितलें आहे. जुनें वचन बाजूस सारण्याची युक्ति आपल्यास ठाऊक होती. परंतु निबंधकार वचन सोडी तें दुसऱ्या वचनाचा आधार घेऊन. आपण नवें कांहीं करतों असें तो कधीं म्हणत नसे. संहिता तें काम स्वतःच्या नांवानें व स्वतःच्या जबाबदारीवर करते. या उघडपणास कोणी उद्धटपणा म्हणोत. आम्ही त्यास प्रामाणिकपणा म्हणतों. जो नव्या मतास जुन्या ऋषीचें नांव देतो त्यास केव्हां ना केव्हां पोथींत श्लोक घालावा लागतो, आणि अशा प्रक्षेपांचा त्रास पाठचिकित्सकांनीं किती सोसला आहे हें या पृष्ठांच्या वाचकांस सांगणें नको.

आतां उणीव. कलमाच्या आरंभींच ‘अन्यथा स्पष्ट तरतूद नसेल तर’ अशी एक खिडकी आहे, आणि तींतून रूढी परत आंत आली. विवाहाच्या कायद्यांत निषिद्ध नात्यांस, विधींस व घटस्फोटास, तसेंच दत्तकाच्या कायद्यांत विवाहिताच्या वा पंधरा वर्षांवरील मुलाच्या दत्तकास रूढीची सवलत ठेविली. ही सवलत पुष्कळदां दुर्बळांच्या सोयीची आहे, हें आम्ही जाणतों. रूढीनें मिळणारी काडीमोड काढून घेतली असती तर गरीब बायकांचीच अडचण झाली असती. या रूढीच्या व्याख्येंत ती अवाजवी वा लोकहितविरोधी नसावी अशी अट आहे. चवदार तळ्याच्या दाव्यांत जो प्रश्न अनिर्णीत राहिला तो येथें व्याख्येंतच उत्तर होऊन बसला, हें स्पृहणीय होय. पण ‘दीर्घकाल’ अखंड चालत आलेली, एवढेंच कालमान त्या व्याख्येंत दिलें आहे. दीर्घ म्हणजे किती? स्मरणातीत हा शब्द गेला, त्याच्या जागीं दुसरा मोघम शब्द आला, आणि ‘पूर्वापार’ म्हणणारा साक्षीदार पुनः पिंजऱ्यांत उभा राहिला.

दुसरी उणीव याहून गंभीर. १९५६ च्या वारसा कायद्यानें मातेस पहिल्या वर्गांत व पित्यास दुसऱ्या वर्गांत घातलें, आणि मिताक्षरा-मयूखाचा नागोठण्याचा सीमावाद कायमचा मिटविला. स्त्रीच्या मालमत्तेवरील मर्यादाही काढिली. परंतु मिताक्षरेचें जन्मसिद्ध सहदायित्व, जें आंबेडकरांच्या मसुद्यानें रद्द करूं म्हटलें होतें, तें सहाव्या कलमांत जपून ठेविलें. लेखाचा अंमल संपला असें चौथें कलम म्हणतें, आणि दोनच कलमांनंतर त्याच लेखाचें सर्वांत महत्त्वाचें प्रकरण आसनावर बसलेलें दिसतें! महाराष्ट्रानें १९९४ सालीं व देशानें २००५ सालीं मुलीस सहदायाद केलें, तेव्हां हा दोष पुष्कळसा निवाला. मनूचा चतुर्थांश पूर्ण वांटा होण्यास इतका काळ लागला, त्याचें कारण चौथ्या कलमाचा दुबळेपणा नव्हे. त्यास पाळावयास नंतरच्या सभासदांनीं दाखविलेला संकोच हें होय.

शेवटीं आमच्या संग्राहक बंधूंस दोन शब्द. जुन्या घराण्यांतील कांहीं मंडळी कागद दाखवावयास कचरतात. वडिलांचा कोणता आचार उजेडांत येईल आणि त्यावरून आज कोण काय मागेल, ही धास्ती त्यांस असते. उलट कांहीं मंडळी कागद शोधतात तेच आजच्या तंट्यास दारूगोळा म्हणून. दोघांसही उत्तर तेंच आहे. ज्या विषयांत विधानानें स्पष्ट सांगितलें आहे कीं, रूढी कितीही जुनी असो, ती चालणार नाहीं, त्या विषयांत जुना कागद कोणाचा हक्क हिरावून घेऊं शकत नाहीं. बंदीचा महजर उद्यां महाडांत निघाला तरी चवदार तळ्याच्या पाण्याचा एक थेंबही तो परत घेणार नाहीं. म्हणूनच तो निर्भयपणें छापतां येईल, त्यांतील ‘पूर्वापार’ या शब्दाचा खरा काळ शोधतां येईल, आणि वडिलांनीं काय केलें तें जसेंच्या तसें लिहितां येईल. देशमुखांच्या त्या लहानशा वाक्यानें व आंबेडकरांच्या चौथ्या कलमानें विधवेस व कन्येस जें दिलें तें सर्वांस दिसतें. इतिहासाच्या अभ्यासकास त्यांनीं जें दिलें तेंही लहान नाहीं : खरें लिहिल्यानें कोणाचें पाणी तुटत नाहीं, ही खात्री. महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांतील खासगी दप्तरें, चवदार तळ्याच्या दाव्याच्या तिन्ही न्यायालयांतील कागदांसह, याद्या करून प्रसिद्ध करणें हें या खात्रीस शोभेल असें काम आहे. पुढचा पूर येण्यापूर्वीं तें हातीं घेतलें पाहिजे.